बारा वर्षांत इमॅन्युएल सेलर घडले नसते

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २९ मार्च १९९५ रोजी एक घटनादुरुस्ती मताला आली. कुणालाही या सभागृहात बारा वर्षांहून जास्त काळ बसता येऊ नये, असा तिचा आशय होता. बाजूने २२७ मतं पडली, विरोधात २०४. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे ती पडली. मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की राज्यांना आपापल्या खासदारांवर अशी मर्यादा परस्पर घालता येणार नाही. मागणी मात्र आजही जिवंत आहे. जनमत चाचण्यांत तिला भरघोस पाठिंबा मिळतो आणि तो का मिळतो हेही कळतं. ऐंशी ओलांडलेले नेते खुर्ची सोडत नाहीत, तरुणांना वाव मिळत नाही, देणगीदारांचे आणि पुढाऱ्यांचे हितसंबंध वर्षानुवर्षं मुरत जातात. तिथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी मंडळींनाही ही मागणी मनापासून पटते.

मला ती पटत नाही. माझा विरोध मुख्यतः एका माणसाच्या कारकिर्दीवर उभा आहे. तीच कारकीर्द माझ्या म्हणण्याला अडचणीतही आणते, म्हणून सोयीचा तेवढा भाग न उचलता ती पूर्ण सांगायला हवी.

इमॅन्युएल सेलर यांचा जन्म ६ मे १८८८चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. घराणं जर्मन ज्यू वंशाचं. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता, तो बसला. सेलर कॉलेजात असतानाच आई-वडील दोघंही गेले. मुलाने गिऱ्हाइकांकडे फिरून वाइन विकली, घर सांभाळलं आणि कोलंबिया विद्यापीठातून १९१२मध्ये कायद्याची पदवी घेतली. १९२२च्या निवडणुकीत ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ४ मार्च १९२३ला ते सदस्य झाले आणि बाहेर पडले ते ३ जानेवारी १९७३ला. पन्नास वर्षांना दोन महिने कमी. न्यूयॉर्क राज्यातून प्रतिनिधिगृहात इतका काळ आजवर दुसरं कुणीही बसलेलं नाही.

सेलर सभागृहात आले त्याच्या दोन आठवडे आधी, १९ फेब्रुवारी १९२३ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांचा खटला निकाली काढला होता. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' माणसाला (आणि यादवी युद्धानंतरच्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांना) मिळत असे. न्यायालय म्हणालं, वंशशास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदी माणूस बसत नाही. या निकालानंतर सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांकडून ते काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. त्यांना स्वतःला १९१४मध्ये लॉस एंजेलिसला नागरिकत्व मिळालं होतं, आणि सरकार आता त्यांच्याच मागे लागलं. पंडितांनी स्वतःचा खटला लढवला. त्यांचा मुद्दा असा, की १९१४ला न्यायालयाने सगळं तपासून निर्णय दिला, सरकारने अपील केलं नाही, त्या निर्णयाच्या भरवशावर मी वकिली केली आणि संसार उभा केला, आता तो भरवसा मोडता येणार नाही. १९२६मध्ये अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. एका माणसाचं नागरिकत्व वाचलं. नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी दार बंदच राहिलं, आणि तसली दारं न्यायालयापेक्षा कायदेमंडळातच उघडतात.

१९२४ साली ते दार आणखी घट्ट बंद झालं. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला: १८९०च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के. जनगणना १९२०ची हाताशी असताना चौतीस वर्षं जुनी का घेतली? इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू यांची मोठी लाट १८९०नंतर आली होती, म्हणून. आशियातल्या लोकांना तर सरसकट बंदी झाली, कारण ज्याला नागरिक होता येत नाही त्याला स्थायिक व्हायला येता येणार नाही, असं कलमच घातलं. सेलर यांचं सभागृहातलं पहिलं महत्त्वाचं भाषण या विधेयकाविरुद्ध होतं. त्यांच्या मतदारसंघात ज्यूही होते आणि इटालियनही, म्हणजे हा घाव थेट त्यांच्या मतदारांच्या भावंडांवर, चुलत्यांवर पडत होता. नवख्या सदस्याच्या भाषणाने काही झालं नाही. विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झालं.

आता बारा वर्षांचा हिशेब लावून पाहू. मर्यादा असती तर सेलर १९३५मध्ये घरी बसले असते. तोवर त्यांच्या नावावर सांगण्यासारखा एकही मोठा कायदा नव्हता. कोट्याविरुद्धची भाषणं होती, पडलेली विधेयकं होती, बस्स. पुढची काही वर्षं तर आणखी वाईट गेली. हिटलरच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्यांसाठी कोटा सैल करा, म्हणून ते सरकारच्या मागे लागत राहिले आणि सरकार टाळत राहिलं. १९३९मध्ये नऊशेहून जास्त निर्वासितांना घेऊन आलेलं सेंट लुईस जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून युरोपला परत गेलं. त्यातले अडीचशेहून अधिक लोक पुढे नाझींच्या हातून मेले. कोट्याचा कायदा किती निर्दय आहे, हे सेलर पंधरा वर्षं सांगत होते.

पहिली फट पडली १९४६मध्ये, म्हणजे सभागृहात तेवीस वर्षं काढल्यावर. युद्धात हिंदुस्थान मित्रराष्ट्रांच्या बाजूने होता, चीनवरची बंदी १९४३लाच उठली होती, आणि न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग हिंदी लोकांसाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांच्या दारात सतत उभे होते. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट सेलर यांनी मिळून जोर लावला. २ जुलै १९४६ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसं येऊ शकतील. शंभर! आज मुंबईहून सुटणाऱ्या एका विमानात याहून जास्त माणसं असतात. पण कायद्याचा खरा जीव दुसऱ्या कलमात होता: हिंदी माणसाला नागरिक होता येईल. दलीपसिंग सौंद यांच्याकडे पाहिलं की त्याचा अर्थ कळतो. ते १९२०मध्ये शिकायला आले, बर्कलीत गणितात डॉक्टरेट केली आणि कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत शेती करू लागले. नागरिक होता येत नसल्याने तिथल्या राज्याच्या कायद्यानुसार स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती. १९४९ला ते नागरिक झाले, आणि १९५६ला त्याच प्रतिनिधिगृहावर निवडून आले जिथे सेलर बसत होते.

१९५२मध्ये पुन्हा पीछेहाट झाली. सेलर तेव्हा न्याय समितीचे अध्यक्ष होते, पण त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याच समितीतले फ्रान्सिस वॉल्टर यांनी सिनेटर मॅककॅरन यांच्यासोबत कोटा पद्धत कायम ठेवणारा कायदा रेटला. ट्रुमन यांनी तो नाकारला, काँग्रेसने त्यांचा नकार धुडकावला. आशियाई वंशाचा माणूस जगात कुठेही जन्मला असला तरी त्याची मोजणी वंशावरून होणार, हे त्यात तसंच राहिलं. वॉल्टर १९६३पर्यंत स्थलांतराच्या उपसमितीचे प्रमुख होते. म्हणजे अध्यक्ष असूनही सेलर यांना स्वतःच्या घरातच अकरा वर्षं अडवलं गेलं.

न्याय समितीचं अध्यक्षपद म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. त्या काळात समितीचं अध्यक्षपद सेवाज्येष्ठतेने मिळायचं. बहुमतवाल्या पक्षातला समितीचा सर्वांत जुना सदस्य अध्यक्ष व्हायचा, आणि एकदा झाला की त्याला हटवणं जवळजवळ अशक्य होतं. सेलर १९४९ ते १९५३ आणि पुन्हा १९५५ ते १९७३ अध्यक्ष होते. कोणत्या विधेयकावर सुनावणी घ्यायची, कोणतं उपसमितीकडे टाकायचं, कोणतं तसंच धूळ खात ठेवायचं, हे अध्यक्ष ठरवायचा. जुन्या घरातल्या सासूच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असाव्यात, तशी ही सत्ता होती. कोठीतून काय बाहेर येणार हे तिच्या मर्जीवर, आणि तिला विचारणारं कुणी नाही.

या किल्ल्या सेलर यांनी किती चांगल्या वापरल्या, ते १९६३-६४मध्ये दिसलं. २० जून १९६३ला त्यांनी नागरी हक्क विधेयक प्रतिनिधिगृहात मांडलं. हॉटेलं, खाणावळी, नोकऱ्या, शाळा, मतदान, सगळीकडचा वर्णभेद त्याने मोडायचा होता. ते त्यांनी दुसऱ्या कुणाकडे न देता स्वतः अध्यक्ष असलेल्या पाचव्या उपसमितीकडे घेतलं. समोरच्या बाकावर होते ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककुलॉक. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय फारच थोडे, म्हणजे या कामातून त्यांना मतांचा फायदा नव्हता. त्यांची अट एकच होती. १९५७ला इथे पास केलेलं विधेयक सिनेटमध्ये पातळ करून टाकलं गेलं. या वेळी तसं होऊ देणार नसाल तर मी माझ्या पक्षाची मतं आणतो. उपसमितीतल्या उत्साही सदस्यांनी विधेयक इतकं कडक केलं की ते सभागृहात टिकणार नाही अशी भीती केनेडी सरकारलाच वाटू लागली. सेलर यांना ते मागे घ्यावं लागलं, स्वतःच्याच साथीदारांचा रोष पत्करून. २९ ऑक्टोबरला समितीने मधला मसुदा मान्य केला. मला हा प्रसंग सेलर यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो. टाळ्या कडक मसुद्याला होत्या, आणि मंजूर होणारा मसुदा दुसराच होता, हे कळायला अशा खेळ्या आधी हरलेल्या माणसाची गरज असते.

मग विधेयक अडकलं नियम समितीत. तिचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, वर्णभेदाचे पक्के समर्थक. सभागृहात चर्चेला वेळ देणं त्यांच्या हातात होतं आणि ते देत नव्हते. अशा वेळी नियमात एक वाट असते, डिस्चार्ज पिटिशन. सभागृहातल्या २१८ सदस्यांनी सही केली तर विधेयक समितीच्या हातून काढून थेट सभागृहात आणता येतं. कागद सभागृहातच टेबलावर असतो, सदस्याने जाऊन सही करायची. तेव्हा सह्या गुप्त असत, आकडा पुरा होईपर्यंत कुणी केली आणि कुणी नाही हे बाहेर कळत नसे. डिसेंबर १९६३मध्ये सेलर यांनी असा अर्ज ठेवला. केनेडींची हत्या होऊन पंधरवडाच उलटला होता, नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी विधेयकासाठी सगळी ताकद लावली होती, आणि नाताळच्या सुटीत सदस्य आपापल्या मतदारांकडून काय ऐकून येतील याचा अंदाज स्मिथ यांना आला. त्यांनी जानेवारीत सुनावणी घेतली आणि विधेयक सोडलं. १० फेब्रुवारी १९६४ला ते २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झालं. मॅककुलॉक यांनी शब्द पाळला होता, रिपब्लिकनांची १३८ मतं बाजूने पडली होती. कायद्यावर सही झाली ती २ जुलै १९६४ला, लूस-सेलर कायद्यानंतर बरोबर अठरा वर्षांनी.

आणि मग १९६५. उपसमितीचे नवे प्रमुख मायकेल फीअन यांनी स्थलांतराचं विधेयक आधी बराच काळ रखडवलं आणि नंतर एका अटीवर सोडलं: व्हिसाच्या प्राधान्यक्रमात नातेवाइकांना वर आणि कौशल्याला खाली ठेवायचं. इथे आधीच युरोपियन जास्त आहेत, तेव्हा नात्याने येणारेही युरोपियनच असतील, हा त्यामागचा हिशेब. खुद्द सेलर यांनीही सभागृहाला तसंच आश्वासन दिलं, की आशिया-आफ्रिकेच्या लोकांचे इथे नातेवाईक फारसे नाहीत, त्यामुळे तिथून येणारे थोडेच असतील. २५ ऑगस्टला प्रतिनिधिगृहात ३१८ विरुद्ध ९५ मतं पडली आणि ३ ऑक्टोबर १९६५ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली. ज्या कोट्याविरुद्ध सेलर १९२४ला उभे राहिले, तो एक्केचाळीस वर्षांनी त्यांच्याच नावाच्या कायद्याने मोडला.

त्यांचं भाकीत मात्र सपशेल चुकलं, आणि ते चुकलं याबद्दल मराठी वाचकाला कृतज्ञच वाटायला हवं. नव्या कायद्यात डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांच्यासाठी तिसरी पायरी होती. अमेरिकेत गेलेली पहिली पिढी आजही 'थर्ड प्रेफरन्स'वर आलो असं सांगते, ती हीच. मुंबई-पुण्याच्या मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेले तरुण त्या पायरीवरून चढले. मग दुसऱ्या पायरीवरून बायको आली. पाच वर्षांनी नागरिकत्व मिळाल्यावर पाचव्या पायरीवरून भाऊ-बहिणी आल्या. फीअन यांनी युरोपियनांसाठी राखलेली नात्याची वाट आपल्या एकत्र कुटुंबांनी पुरेपूर वापरली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९चं आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं, या सालांकडे पाहिलं तरी क्रम कळतो. अमेरिकेत गणपती बसवणाऱ्या, मराठी शाळा चालवणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांना सेलर हे नाव माहीत असेल. ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इथवर माझी बाजू भक्कम दिसते. आता अडचणीचा भाग.

स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये पहिल्यांदा मांडली गेली तीही १९२३ सालीच, सेलर यांच्या पहिल्या वर्षात. सिनेटने ती १९५० आणि १९५३मध्ये मंजूर केली, तीत एक पळवाट घालून का होईना. प्रतिनिधिगृहात ती न्याय समितीकडे यायची आणि तिथेच राहायची. १९४८नंतर समितीने तिच्यावर सुनावणीच घेतली नाही. किल्ल्या सेलर यांच्या कमरेला होत्या आणि त्यांना ती दुरुस्ती नको होती. त्यांचा युक्तिवाद असा, की कामगार स्त्रियांना जास्त तास राबवू नये, जड ओझी उचलायला लावू नये, असे जे संरक्षक कायदे आहेत ते समानतेच्या नावाखाली जातील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. कामगार संघटना आणि एलिनॉर रूझवेल्ट यांच्यासारख्या स्त्रियाही एके काळी तेच म्हणत. पण युक्तिवाद खरा असेल तर तो सुनावणीत मांडावा, विरोधकांचं ऐकावं, मत घ्यावं. बावीस वर्षं कुलूप लावून ठेवण्याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

त्यामागे निव्वळ कामगार कायद्यांची काळजी नव्हती, हे ८ फेब्रुवारी १९६४च्या दुपारी दिसलं. नागरी हक्क विधेयकाची चर्चा चालू असताना हॉवर्ड स्मिथ यांनी नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात 'लिंग' हा शब्द घालायची सूचना मांडली. सभागृहात हशा पिकला. सेलर विरोधाला उभे राहिले आणि म्हणाले, की आमच्या घरात शेवटचे दोन शब्द नेहमी माझेच असतात: 'होय, प्रिये.' पुन्हा हशा. मग मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उठल्या. स्त्रियांना दुय्यम मानलं जातं याचा पुरावा हवाच असेल तर हे हसणंच तो पुरावा आहे, असं त्या म्हणाल्या. सभागृह गप्प झालं. सूचना १६८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाली, सेलर यांच्या विरोधाला न जुमानता. ज्या माणसाने चाळीस वर्षं वंशाच्या मोजपट्टीविरुद्ध झुंज दिली त्याला बाईच्या बाबतीतली मोजपट्टी दिसली नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते झाकून त्यांचा गौरव करण्यात काही अर्थ नाही.

ग्रिफिथ्स यांनी सहा वर्षांनी सेलर यांचंच हत्यार सेलर यांच्यावर चालवलं. १९७०मध्ये त्यांनी समान हक्क दुरुस्तीसाठी डिस्चार्ज पिटिशन ठेवलं, एकेका सदस्याला गाठून २१८ सह्या गोळा केल्या आणि १० ऑगस्टला दुरुस्ती समितीच्या हातून काढून सभागृहात आणली. जेमतेम तासाभराच्या चर्चेनंतर मतदान झालं: ३५२ विरुद्ध १५. बावीस वर्षं जे दाबून ठेवलं होतं त्याला सभागृहात विरोध करणारे पंधरा निघाले! एका माणसाची मर्जी आणि सभागृहाची इच्छा यांत किती अंतर पडू शकतं, हे सांगायला दुसरा आकडा नको.

१९७२मध्ये ब्रुकलिनच्या मतदारांनी निकाल लावला. एलिझाबेथ होल्ट्झमन नावाची तिशीतली वकील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, सेलर यांच्याविरुद्ध उभी राहिली. पैसा नव्हता, पक्षयंत्रणा नव्हती. ती भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर आणि सिनेमाच्या रांगांत उभ्या लोकांना गाठत राहिली. सेलर यांनी व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा दिला होता, समान हक्क दुरुस्ती अडवली होती, आणि मतदारसंघात त्यांचं साधं कार्यालयही नव्हतं. खासगी वकिलीतली भागीदारी चालू होती, आणि न्याय समितीच्या अध्यक्षाला ते शोभत नाही असं अनेक जण म्हणत. त्यांनी तिला गंभीरपणे घेतलं नाही. सुमारे सहाशे मतांनी ते हरले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

मुदतीच्या मर्यादेचे समर्थक इथे बोट ठेवतील: पाहा, माणूस कुजेपर्यंत बसला. मी त्याच घटनाक्रमाकडे पाहून वेगळा निष्कर्ष काढतो. सेलर सभागृहात पन्नास वर्षं बसले याने कुणाचं नुकसान झालं नाही, उलट त्यातूनच १९४६, १९६४ आणि १९६५ निघालं. नुकसान झालं ते अध्यक्षपदाच्या किल्ल्या बावीस वर्षं एकाच माणसाकडे, कुणालाही जाब न देता राहिल्याने. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे हवेत. सदस्य कितीही वर्षं बसू द्या, मतदार आहेत. अध्यक्षाला मात्र ठरावीक काळाने सहकाऱ्यांपुढे मत मागायला लावा, आणि विधेयक त्याच्या हातून सोडवण्याची वाट रुंद ठेवा.

हे नुसतं कागदावरचं नाही. सेलर सभागृहाबाहेर पडल्यावर दोनच वर्षांनी, १९७५च्या सुरुवातीला, वॉटरगेट घोटाळ्यानंतर निवडून आलेल्या नव्या डेमोक्रॅटिक सदस्यांनी पक्षाच्या बैठकीत गुप्त मतदान करून तीन ज्येष्ठ समिती अध्यक्षांना खाली उतरवलं. सेवाज्येष्ठतेचा अभेद्य किल्ला त्या दिवशी पडला. ते तिघं सभागृहाचे सदस्य राहिलेच. १९९३पासून डिस्चार्ज पिटिशनवरच्या सह्या जाहीर होतात, त्यामुळे मतदारांपुढे एक बोलायचं आणि सही टाळायची हा खेळ बंद झाला. १९९५पासून रिपब्लिकनांनी आपल्या समिती अध्यक्षांना सहा वर्षांची मर्यादा घातली. डेमोक्रॅटांनी अजून घातलेली नाही, त्यांनी ती घालावी असं माझं मत आहे.

उलट सदस्यांवरच मर्यादा घातल्याने काय होतं, याचा प्रयोग राज्यांच्या विधिमंडळांत झाला आहे. कॅलिफोर्नियाने १९९०मध्ये आणि मिशिगनने १९९२मध्ये कनिष्ठ सभागृहात सहा वर्षं आणि वरिष्ठ सभागृहात आठ वर्षं अशी कडक मर्यादा घातली. पहिल्या मुदतीत सदस्य काम शिकायचा आणि तिसरीत पुढची जागा शोधायचा. अर्थसंकल्पातली खाचखोच कुणाला माहीत? तीस वर्षं तिथेच वावरणाऱ्या लॉबीवाल्यांना आणि सचिवालयाला, ज्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं. शेवटी दोन्ही राज्यांच्या मतदारांनीच नियम बदलला, कॅलिफोर्नियाने २०१२ला आणि मिशिगनने २०२२ला. आता एकूण बारा वर्षं, आणि ती सगळी एकाच सभागृहात काढता येतात. मर्यादेचे जनक असलेल्या मतदारांनी ती सैल केली, याचं वजन जनमत चाचण्यांपेक्षा मला जास्त वाटतं.

एक आक्षेप मी मानतो. होल्ट्झमनसारखा विजय विरळा असतो. पदावर असलेला खासदार पैसा, नाव आणि मतदारसंघाच्या आखणीच्या जोरावर सहसा पडत नाही. पण यावरचा इलाज निवडणुकीच्या खर्चात आणि मतदारसंघांच्या आखणीत आहे. चांगला आणि वाईट, दोघांनाही एकाच तारखेला घालवून तो होत नाही. आणि होल्ट्झमन यांनी जागा मिळवून काय केलं तेही पाहावं. १९७४मध्ये निक्सन यांच्यावरील महाभियोगाची चौकशी करणाऱ्या न्याय समितीत त्या होत्या. पुढे स्थलांतराच्या उपसमितीच्या प्रमुख म्हणून १९८०चा निर्वासित कायदा प्रतिनिधिगृहातून त्यांनीच तडीस नेला. ज्याला हरवलं त्याचंच अर्धवट काम त्यांनी पुढे नेलं. सेलर ते पाहायला होते. १५ जानेवारी १९८१ला, ब्याण्णवाव्या वर्षी, ते ब्रुकलिनमध्येच वारले.

आज ज्या प्रश्नाने अमेरिकेतलं जवळपास प्रत्येक मराठी घर बेजार आहे, तोही १९६५पर्यंत मागे जातो. त्या कायद्याने पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला, लहान असो की मोठा, वर्षाला वीस हजार ही सारखीच कमाल मर्यादा दिली. वंशाच्या कोट्यानंतर ती न्याय्य वाटली, आणि त्या वेळी ती न्याय्यच होती. १९९०च्या कायद्यानंतर नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं साधारण एक लाख चाळीस हजार आणि त्यात एका देशाला सात टक्के, असं गणित झालं. आइसलँडला जेवढा वाटा तेवढाच भारताला. म्हणून पुण्याहून गेलेला इंजिनिअर दशकानुदशकं रांगेत उभा राहतो, मुलं एकविसाची झाली की त्यांचा आश्रित दर्जा जातो, आणि तोवरही रांग सरकलेली नसते. ही मर्यादा उठवणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. सिनेटने डिसेंबर २०२०मध्ये त्याचा वेगळाच मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ घालायच्या आत काँग्रेसची मुदत संपली आणि सगळं पुन्हा शून्यावर आलं. ते विधेयक मांडणाऱ्या सॅन होजेच्या झोई लॉफग्रेन स्थलांतर कायद्याच्या वकील आहेत आणि जानेवारी १९९५पासून सभागृहात आहेत. १९९५ची ती घटनादुरुस्ती मंजूर होऊन लागू झाली असती, तर हे विधेयक मांडायला २०१९मध्ये त्या तिथे नसत्या.